बंद मशीनचे फेरे

१

माझी थोरली बहीण झाडं कापते. वाऱ्याने आडवी झालेली, रस्त्यात, तारांवर, कुणाच्या छपरावर पडलेली झाडं. मी चेनसॉ दुरुस्त करतो. त्यामुळे ताईचा आणि माझा संबंध रक्ताचा आहे तितकाच पेट्रोलचाही आहे, असं भाऊजी म्हणतात.

त्या दिवशी सकाळी ती दुकानात आली ती मशीन बाकावर आदळतच.

"ठोंब्या, हे थांबायचं नाव घेत नाही. रेस सोडली तरी साखळी फिरतेच आहे. परवा माझी पँट खाल्ली असती."

"सावकाश ठेव गं. बाक माझा आहे."

"बाक तुझा, पाय माझा. बघ लवकर."

रेस सोडल्यावर इंजिन नुसतं गुरगुरत राहायला हवं आणि साखळी जागच्या जागी थांबायला हवी. ती सरकत राहिली तर समजायचं, इंजिनचे फेरे वाढलेत. मी एअर फिल्टर झटकला, साखळीचा ताण पाहिला, मशीन सुरू करून चांगलं गरम होऊ दिलं आणि मीटर जवळ नेलं. आमचं हे मीटर मुठीत मावतं. वायर जोडायची भानगड नाही. प्लगपाशी धरलं की ते ठिणग्या मोजतं आणि मिनिटाला किती फेरे ते आकड्यात दाखवतं. पण त्याची नजर वीतभरच. त्यापलीकडे इंजिन ऊर फुटेस्तोवर ओरडलं तरी त्याला पत्ता लागत नाही.

एकतीसशे. मी आयडलचा, म्हणजे नुसत्या गुरगुरीचे फेरे ठरवणारा, स्क्रू पाव फेरा उलटा घेतला. सत्तावीसशे. साखळी थांबली. मग पूर्ण रेस देऊन वरचे फेरे पाहिले. भरधाव असताना आवाज जरा फाटका यायला हवा. फार गोड येऊ लागला तर पेट्रोल कमी पडतंय, पिस्टन जळणार. ताईचं मशीन फाटकंच ओरडत होतं. जुनं असल्यामुळे आयडलवर मध्येच एक उचकी द्यायचं, तेवढी खोड मी कधी काढू शकलो नाही.

"कुठे आज?"

"जलाशयामागच्या लागवडीत. वाट अडलीये. चार बुंधे आहेत."

"आणि तुझा सोबती?"

"तापाने फणफणलाय."

"मग एकटी नको जाऊस."

"जेवायला घरी येते की नाही बघ," असं म्हणून तिने मशीन उचललं, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गेली.

२

दुपारी मी एका बागेच्या मुकादमाचं मशीन उघडून बसलो होतो. टाकी रिकामी केली होती, प्लग काढून खिशात टाकला होता. म्हणजे त्या इंजिनात ठिणगीही नव्हती आणि पेट्रोलचा थेंबही नव्हता. शेजारी मीटर पडलं होतं.

मीटरवर आकडा होता. सत्तावीसशे दहा.

मी ते उचलून झटकलं. सव्वीसशे नव्वद. पुन्हा सत्तावीसशे. वरच्या ट्यूबलाइटचा काही खेळ असेल, म्हणून तिचं बटण बंद केलं. आकडा हलला नाही. मेन स्विच पाडला. पंखा गरगरत थांबला, कोपऱ्यातला छोटा फ्रिज घरघरून गप्प झाला, खोलीत खिडकीचा तेवढा उजेड राहिला. त्या उजेडात आकडा शांतपणे वरखाली होत होता. मी मीटरचा सेल काढला. पडदा कोरा झाला आणि मला बरं वाटलं. नवा सेल घातला.

सत्तावीसशे.

बिघडलेलं मीटर कसं वागतं हे मला माहीत आहे. ते एक तर एकाच आकड्यावर अडतं किंवा वेड्यासारखं काहीही दाखवतं. हे तसं नव्हतं. चालू इंजिनाचा आकडा श्वासासारखा हलत असतो, छाती वरखाली होते तसा. हा तसा हलत होता.

मी स्वतःची समजूत घातली. शेजारच्या गल्लीत कुणी स्कूटर लावली असेल. मीटरचं आतलं काही तापलं असेल. मी दुपारी धड जेवलो नाही. अशी तीन कारणं सापडली की माणसाला वाटतं, आपण शहाणे आहोत. मी मीटर टेबलाच्या खणात टाकलं आणि खण लावला.

मग तो आवाज आला. लांबून येतो तसा बारीक, पण लांबून नव्हे. याच खोलीतून. आयडलवर चालणाऱ्या मशीनची गुरगुर. मी खिडकी लावली, तरी तो तेवढाच राहिला. दार लावलं, तरी तेवढाच. मुकादमाच्या मशीनवर मी हात ठेवला. लोखंड गार होतं. पण हाताला खालून काहीतरी जाणवत होतं, मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यावर जाणवतं तसं.

मी हात काढून घेतला आणि शर्टाला पुसला. हाताला काहीच लागलं नव्हतं.

३

खण उघडला तेव्हा आकडा चोवीसशेवर आला होता.

आवाजही मंदावला होता. ही घसरण मी रोज ऐकतो. इंजिन दमत जातं, एकेक फेरा जड होतो, आणि मग खोकून बंद पडतं. तेवीसशे. बावीसशे ऐंशी. अशा वेळी माझा हात मला विचारत नाही. तो स्क्रूड्रायव्हर उचलतो. त्याने तो उचलला आणि मुकादमाच्या मशीनचा आयडल स्क्रू थोडा आत फिरवला.

बिनप्लगच्या, बिनपेट्रोलच्या मशीनचा स्क्रू.

आकडा चढला. पंचवीसशे, सव्वीसशे. आवाज भरून आला.

खात्री करायची म्हणून मी स्क्रू परत बाहेर घेतला, अगदी केसभर. आकडा धाडकन कोसळला, एकवीसशे, दोन हजार, आणि आवाज असा काही अडखळला की मी घाईघाईने स्क्रू पुन्हा आत वळवला. का ते मला सांगता येणार नाही. एवढंच कळत होतं की हे बंद पडू द्यायचं नाही.

आकडा सत्तावीसशेला टेकला. थोडा वेळ तिथे डुलला. मग मध्येच एक उचकी दिली.

ती उचकी मी ओळखली.

मी फोन लावला. ताईच्या फोनची घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग भाऊजींना लावला. ते शाळेची बस चालवतात, त्या वेळी घरी असतात.

"भाऊजी, ताई जेवायला आली?"

"नाही रे. मीही वाट बघतोय. भाजी गार झाली. का?"

"तुमची गाडी काढा. मी दुकानाबाहेर उभा राहतो."

"झालं काय?"

"काढा तर खरं."

फोन ठेवतानाच त्यांच्या किल्ल्या खुळखुळलेल्या मी ऐकल्या.

४

मशीन मागे ठेवून जायची माझी हिंमत झाली नाही. मी मीटर चिकटपट्टीने त्याच्या अंगावर चिकटवलं, साखळी जिच्यावर फिरते त्या लांब पट्टीला प्लास्टिकचं कव्हर चढवलं आणि ते पोटाशी धरून भाऊजींच्या गाडीत बसलो. हातात स्क्रूड्रायव्हर.

भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मशीनकडे.

"हे कशाला?"

"लागेल."

गाव मागे पडलं. जलाशयाची भिंत उजव्या हाताला लागली. भाऊजी एरवी बोलके, सिग्नलला शेजारच्या गाडीशीही बोलतील असे. त्या दिवशी तोंड मिटून चालवत होते. मधेच त्यांची नजर आकड्यावर गेली.

"ते बंद आहे ना?"

"बंद आहे."

"मग आकडा कसला?"

"समोर बघून चालवा, भाऊजी."

त्यांनी समोर पाहिलं. पण गाडी वेगात जायला लागली.

आकडा सारखा घसरत होता. आधी बराच वेळ टिकायचा, आता वळण संपेपर्यंतही टिकत नव्हता. मी स्क्रू आत घेत होतो, जरा जरा, कंजूष माणूस तेल ओततो तसा. कारण स्क्रूला शेवट असतो. बोटांना कळत होतं की आता फार आटे उरलेले नाहीत. त्या स्क्रूच्या टोकाला काय आहे याचा विचार मी करत नव्हतो. मी फक्त उरलेल्या आट्यांचा विचार करत होतो.

लागवडीच्या फाटकापाशी ताईची गाडी उभी होती. पुढच्या काचेवर निलगिरीची पानं साचली होती. भाऊजींनी बॉनेटला हात लावला.

"गार आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

मी स्क्रू पुन्हा वळवला. तो टेकला. पुढे जाईना.

५

आम्ही धावत आत शिरलो. उतरतीचं ऊन झाडांच्या रांगांमधून तिरकं पडलं होतं. निलगिरीच्या लागवडीत पक्षी फारसे नसतात. खाली वाळलेल्या सालींचा थर, पाय ठेवला की चुरचुरणारा. पडलेली झाडं जागोजाग आडवी होती. भाऊजींनी ताईला हाक मारली. हाक रांगांमधून सरळ पुढे गेली आणि परत आली नाही.

"थांबा," मी म्हणालो. "ऐका."

तीच गुरगुर. आता खोलीतली नव्हे, उघड्यावरची. डावीकडून, उताराच्या बाजूने.

"मशीन चालू आहे तिचं!" भाऊजींच्या तोंडावर एकदम रंग आला. "अगं ए, आवाज तरी दे!" म्हणत ते उतारावरून पुढे झाले. मी मशीन सांभाळत त्यांच्या मागे.

आडव्या बुंध्यांच्या पलीकडे काहीतरी होतं. मला ते भाऊजींच्या खांद्यावरून दिसलं, तेही फांद्यांच्या फटीतून. कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. एक गुडघा जमिनीवर, मान डावीकडे कललेली, कान खाली नेलेला. उजवं कोपर अगदी थोडं, अगदी सावकाश हलत होतं. स्क्रू पिळताना हलतं तसं.

भाऊजी थबकले. मागे वळूनही न बघता म्हणाले, "अरे, तू तिकडे कधी पोहोचलास?"

मी म्हणालो, "मी तुमच्या मागे आहे, भाऊजी."

ते वळले. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिथे जे होतं ते मला आयुष्यात पुन्हा पाहायचं नाही. मग आम्ही दोघांनी एकदमच तिकडे पाहिलं.

तिथे कुणी नव्हतं. आवाज तुटला. पोटाशी धरलेल्या मशीनवरचा आकडा शून्य झाला.

आणि त्या शांततेत ताईचा आवाज आला, दमलेला आणि वैतागलेला. "बंद का केलंस रे?"

६

ती उताणी पडली होती. उजवा पाय गुडघ्यापासून खाली एका जाडजूड बुंध्याखाली अडकलेला. कापताना बुंधा फिरला होता आणि तिच्यावर आला होता. फोन दूर पडला होता, हाताला लागत नव्हता. भाऊजी तिच्यापाशी बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडू लागले. तिने त्यांच्या गालावर हात ठेवला.

"अहो, रडताय काय? मी मेले नाहीये. तहान लागलीये."

भाऊजींनी तिला घोटघोट पाणी पाजलं. मग रुग्णवाहिकेला फोन केला. यायला वेळ लागणार होता आणि वाट तर बंद होती, तीच मोकळी करायला ताई आली होती. तिच्या पायाचा रंग पाहिला आणि मला कळलं की वाट बघून चालायचं नाही.

तिचं मशीन पलीकडे बुंध्यात अडकलं होतं. पट्टी लाकडात घट्ट आवळलेली, स्विच बंद, प्लगची टोपी निघालेली. मी हात लावला. बर्फासारखं गार. आत्ताच बंद पडलेलं इंजिन हात भाजतं.

पट्टीचं कव्हर काढलं, खिशातला प्लग मुकादमाच्या मशीनला बसवला. ताईच्या कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं, साखळीचं तेल भरलं. दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला ते सुरू झालं आणि साखळी भन्नाट सुटली, कारण स्क्रू शेवटपर्यंत आत होता. हे आता खरंखुरं इंजिन होतं, हाताला झिणझिण्या आणणारं, धूर सोडणारं. मीटरने चार हजारांच्या वरचा आकडा दाखवला. मी स्क्रू बाहेर काढत गेलो. चार हजार, साडेतीन, तीन. साखळी थांबली. सत्तावीसशे.

"ताई, मी आजवर मशीनं दुरुस्त केलीत. झाड नाही कापलेलं."

"मग आज काप. मी सांगते तसं. अहो, ती जाड फांदी आणा. बुंध्याखाली सरकवा, माझ्या पायाच्या अलीकडे. नाहीतर कापल्यावर तो अजून खाली बसेल."

भाऊजींनी फांदी आणून रेटली. ती हलू नये म्हणून फटीत ताईच्या दोन पाचरी ठोकल्या.

"आता बघ. बुंधा मधे टेकलाय आणि त्याचं टोक लोंबतंय. म्हणजे ताण कुठे?"

"वर?"

"वर. म्हणून आधी खालून काप. थोडंच. तिसरा हिस्सा. पट्टी आवळायला लागली की लगेच काढ."

मी खालून कापलं. भुसा माझ्या तोंडावर उडाला. लाकूड साखळीला चावायला लागलं तसं मी पट्टी ओढून घेतली.

"शाबास. आता वरून. बरोबर त्याच रेषेत. कडकड ऐकू आली की मागे हो. हीरोगिरी नको."

वरून कापताना मशीन जड झालं, आवाज खाली गेला, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली की हेही आता दमणार. पण ते दमलं नाही. कडकड झाली, मी मागे सरलो, आणि लोंबतं टोक धप्पकन पडून उतारावरून गडगडत गेलं. उरलेला बुंधा हलका झाला. भाऊजींनी आणि मी फांदीची तरफ केली. ते लाकूड उचललं गेलं तेव्हा ताई एकदाच ओरडली, त्या रानातली सगळी शांतता फाडून. मग ती हातांच्या जोरावर मागे सरकली आणि पाय मोकळा झाला.

मी मशीन बंद केलं. भाऊजी एकदम म्हणाले, "नको, राहू दे चालू." मग स्वतःशीच मान हलवली. "नाही. कर बंद."

७

पाय वाचला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, आत सळई घालावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं. आणि त्याहूनही, एवढा वेळ ती शुद्धीवर राहिली कशी, याचं त्यांना नवल वाटत होतं.

ताईने ते मला दवाखान्यात सांगितलं, भाऊजी चहा आणायला गेले होते तेव्हा.

"मला सारखी झोप येत होती रे. डोळे मिटले की छान वाटायचं. पण ते मशीन गुरगुरत होतं. बंद पडायला आलं की मी दचकायचे, आणि तू परत चढवायचास. वाटलं, ठोंब्या आलाय, बुंधा काढायचं सोडून मशीन काय नीट करत बसलाय! कितीतरी बोलले तुला. वळून बघायला तयार नाहीस."

"मी दुकानात होतो, ताई. मग गाडीत."

"ते आता कळलं." ती चादरीची कड चाचपत राहिली. "पण एक सांगते. दोनदा मी मोठ्याने हाक मारली. दुसऱ्या हाकेला मान वळायला लागली होती. अगदी हळू. मला कान दिसला, गालाची कड दिसली. आणि मला एकदम वाटलं, वळू नको. ज्याने मला जागं ठेवलं त्याचं तोंड मला बघायचं नव्हतं. तेवढ्यात वरून ह्यांची हाक आली."

"कान कसा होता?"

"तुझाच होता," ती म्हणाली. मग जरा थांबून, "वाटतं."

भाऊजी चहा घेऊन आले. आम्ही तिघांनी तो प्यायला. पुढे या विषयावर आमच्यात एक शब्द झालेला नाही. भाऊजी त्या दिवसानंतर महिनाभर मला समोरून बोलवायचे, मागून नाही. आता तेही विसरलेत. बसची नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी ते पाचर ठोकायला शिकतात. ताईचा पहिला सोबती म्हणतो, हे माझ्यापेक्षा बरे ठोकतात.

काल ताई दुकानात आली. काठी दाराशी ठेवली आणि आत आली ती चार पावलं बिनकाठीची. तिच्यासाठी मी एक नवं मशीन जुळवून ठेवलं होतं, जरा हलकं.

"मी सुरू करते," ती म्हणाली.

"अगं, मी करतो. वाकायचं आहे, ओढायचं आहे."

"तू बाजूला हो."

चेनसॉ जमिनीवर ठेवून सुरू करताना मागच्या मुठीत उजव्या पायाचं टोक घालून दाबावं लागतं. तिने काही क्षण त्या मुठीकडे पाहिलं. मग सळई घातलेला पाय उचलला, बुटाचं टोक आत सारलं आणि त्याच्यावर भार दिला. ओठ आवळले गेले, कपाळावर शीर उठली, पण पाय हलला नाही. पहिली ओढ वाया गेली, दुसरी खोकली. दाराबाहेर भाऊजी गाडीला टेकून उभे होते, तिथूनच टाचा उंचावून बघत होते.

तिसऱ्या ओढीला सगळं दुकान आवाजाने भरलं. ताई सरळ उभी राहिली, दोन्ही पायांवर, आणि तिने रेस दिली.